कॅरमच्या दारावर आम्ही चौघं

आमच्या ऑफिसात आणखी काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. फाइली साठत नाहीत, कारण कागदच नाही. सत्काराच्या शाली साठायचा प्रश्न येत नाही, कारण आमचं काम नीट झालं तर ते झालंय हे कुणाला कळतच नाही. घरातल्या बाईच्या कामासारखं आहे हे. केलं तर दिसत नाही, एक दिवस राहिलं की साऱ्या घराला दिसतं. मी दोन्ही करते, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे!

काम असं. पुण्याच्या दातार साहेबांचा मोबाईलवर खेळायचा कॅरमचा गेम आहे. गावोगावची माणसं त्यावर एकमेकांशी खेळतात. तो ज्या सर्व्हरवर चालतो तो मुंबईत, आणि त्याची राखण आम्ही नगरमधून करतो. (बोर्डावर अहिल्यानगर आहे, पण तोंडात अजून नगरच येतं.) हा सर्व्हर पाडायला लोक टपलेले असतात. कुणी हरलेला असतो, कुणाला दुसऱ्या गेमवाल्यानं लावून दिलेलं असतं, कुणाला नुसतीच खाज असते. आमचे बोरुडे सर हे पंगतीच्या भाषेत समजावतात. "समजा, लग्नात न बोलावलेली हजारो माणसं येऊन पंगतीत बसली. जेवायचं नाही, उठायचं नाही. खरा पाहुणा बाहेर ताटकळतोय. आपण दारात उभं राहायचं आणि फुकटे ओळखून बाहेर काढायचे."

तर दारात उभे आम्ही चौघं. सर, नगरचाच रियाज, मिरजगावचा सोपान आणि मी. गिऱ्हाईक एकच, दातार साहेब. ते गेले की ऑफिसला कुलूप आणि मी परत पुण्याला. मी ते करून बसलेय. सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी शिरूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, आणि घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली. पुन्हा नको. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही नुसतेच हसणार नाही.

*

सोपानला मुलगी बघायला गेलो होतो. नोकरीची खात्री द्यायला म्हणून त्याच्या घरच्यांनी सरांना आणि मलाही सोबत नेलं. पोहे झाले, चहा आला. मुलीच्या वडलांनी विचारलं, "पाव्हणं, काम काय करता?"

सोपान सरळ माणूस. म्हणाला, "हल्ला आला की थांबवतो."

"आन् न्हाई आला तर?"

"तर बघत बसतो."

"काय बघता?"

"येतोय का ते."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं बी एक मानूस हाय, ज्वारीवरची पाखरं हाकलायला. त्यो बी ह्येच करतो. पर ज्वारी निघाली की त्याला आमी घरी पाठवतो." मग सरांकडं वळून अगदी काळजीनं विचारलं, "तुमची ज्वारी कवा निघती?"

स्थळ जमलं नाही.  परत येताना गाडी नगरच्या चांदणी चौकात आल्यावर सर एवढंच म्हणाले, "प्रश्न बरोबर होता माणसाचा."

*

रियाजचे मामू कोल्हारला असतात. चपलांचं दुकान, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की कॅरम. खेळतात बरं, पण हरले की बोर्डावर पावडर कमी पडली म्हणतात. मोबाईलमधल्या बोर्डावर!

एकदा त्यांचा रियाजला फोन आला. "बेटा, तुमचा गेम मला आत घेईना. लाल अक्षरात कायतरी येतंय."

रियाजनं पाहिलं, तर मामूंच्या दुकानाचं इंटरनेट आम्हीच अडवलेलं. आठवडाभर सर्व्हरवर जो कचरा येत होता, त्यातली एक धार कोल्हारच्या चपलांच्या दुकानातून येत होती. मामू खाली बसून कॅरम खेळत होते आणि त्यांच्या डोक्यावरचा सीसीटीव्ही कॅमेरा आमच्यावर हल्ला करत होता! लोक कॅमेरे आणतात, भिंतीला लावतात आणि पासवर्ड आला तसाच ठेवतात. मग कुठला तरी उपद्व्यापी दूर बसून असे कॅमेरे ताब्यात घेतो आणि आमच्यासारख्यांवर सोडतो.

रियाजनं फोन स्पीकरवर टाकला. "मामू, तुमचा कॅमेरा आमच्यावर हल्ला करतोय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मामू उठून बघून आले. "न्हाई रे, जागेवरच हाय. स्क्रूनं ठोकलाय त्यो भिंतीला."

"मामू, तो बंद करा आधी."

"बंद केला आन् चोर आला तर?"

"चोर कॅमेऱ्यातच बसलाय, मामू!"

"मंग तर चालूच ठेवतो. दिसंल तरी!"

शेवटी रियाज सुट्टीच्या दिवशी कोल्हारला गेला आणि स्वतः पासवर्ड बदलून आला. मामूंनी तो नीट समजून घेतला. विसरू नये म्हणून खडूनं मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवला. कॅमेऱ्याच्या बरोबर समोर.

*

दिवाळी झाली आणि दातार साहेबांचा फोन. "मिरजगाव, पाथर्डी, त्या सगळ्या पट्ट्यातले खेळाडू एकदम गायब झालेत. तुम्ही चुकून अडवलेत का?"

आम्ही दिवसभर शोधलं. अडवलेलं काही नाही, हल्ला नाही, सगळं सुरळीत. फक्त माणसं नाहीत. सरांनी दुपारचा डबा उघडलाही नाही. सोपान त्या दिवशी रजेवर होता. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा आम्ही तिघं डोळे लाल करून बसलेलो. त्यानं स्क्रीनकडं एकदा पाहिलं आणि पिशवी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाला, "ताई, हल्ला न्हाई, ऊस हाय. टोळ्या गेल्या कारखान्याला. मी कालच चुलत्याला ट्रकात बसवून आलो."

सरांनी दातार साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "ओके. मग ते परत कधी लॉग इन करतील?"

सोपान मागून म्हणाला, "पट्टा पडल्याव." म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर.

पुढच्या मीटिंगला साहेबांच्या स्लाइडवर आलं, 'सीझनल यूजर बिहेवियर'. त्या यूजरांमध्ये सोपानचा चुलता होता, चुलती होती. सोपान स्लाइडकडं बघत राहिला. मला फार वाईट वाटलं, तरी पुढच्या स्लाइडला मी मान हलवली.

*

शिर्डीचा किस्सा मात्र आमच्या अंगाशी आला.

गुरुवार होता. अचानक शिर्डीच्या बाजूनं सर्व्हरवर लोंढा सुरू झाला. सगळे एकाच पत्त्यावरून! सर ओरडले, "अडव!" रियाजनं अडवलं. लोंढा गप्प. सरांनी खूश होऊन स्वतःच्या हातानं आम्हाला लिंबू सरबत करून दिलं. असं ते वर्षातून एकदा करतात.

अर्धा ग्लास झाला असेल नसेल, दातार साहेबांचा फोन. आवाज बारीक, मागं आरतीचा गजर.

"बोरुडे, मी शिर्डीत आहे. दर्शनाच्या रांगेत."

"वा वा, साहेब!"

"वा वा काय! सगळी रांग माझा गेम खेळत होती. पुढचा, मागचा, त्याच्या मागचा. मी म्हटलं, बाबा पावले! आणि एका क्षणात सगळ्यांचा बंद. माझासुद्धा! माझाच गेम मला आत घेत नाहीये!"

मोबाईल कंपन्या हजारो फोन इंटरनेटच्या एकाच पत्त्यामागं ठेवतात. रांगेत उभी असलेली भाविक माणसं आम्हाला फौज वाटली होती. मागून एका बाईचा आवाज फोनमध्ये स्वच्छ ऐकू आला, "बंद पडला ते बरं झालं. आता तरी नाव घ्या बाबांचं!"

साहेबांनी नाव घेतलं, पण सरांचं. "पुढच्या रविवारी टूर्नामेंटची फायनल आहे. त्या दिवशी सर्व्हर पडला, तर तुमचं काम महिनाअखेरीला पुण्याच्या कंपनीला देतोय. शेवटचं सांगतोय."

काहीतरी बोलायचं म्हणून सर बोलले, "साहेब, दर्शन झालं का?"

फोन कट.

*

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी जाऊन चपलाही न काढता पलंगावर आडवी झाले. पोरगी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, तू गेमच्या ऑफिसात जातेस ना?"

"हो."

"मग दमतेस कशाला?"

नवरा हसला. मला हसूही येईना. तिला एवढंच विचारायचं होतं, की मी परत पुण्याला जाणार आहे का. ते तिनं दिवा मालवल्यावर विचारलं.

*

आणि आला तो रविवार.

फायनलला एक संगमनेरच्या शिक्षिका आणि एक बार्शीचा सलूनवाला. दुपारी खेळ सुरू झाला आणि तासाभरात हल्लाही. असला हल्ला आम्ही पाहिला नव्हता. नेहमीचे हल्ले भाडोत्री, एकदा सोडले की मुकाट्यानं एकाच तालात चालतात. हा तसा नव्हता. चार मिनिटं यायचा, आम्ही अडवला की थांबायचा, आणि रूप बदलून परत. कुणीतरी समोर बसून हातानं चालवत होतं. बाईंचा स्ट्रायकर मध्येच गोठायला लागला. दातार साहेबांचे फोनवर फोन. सर ते उचलेनात. मला डोळ्यांसमोर पहाटेची एसटी दिसायला लागली, खिडकीच्या काचेसकट.

तेवढ्यात लाईट गेली.

खाली खांबावर दुपारपासून वायरमनचं काम चाललं होतं. आमचा इन्व्हर्टर चालू झाला, स्क्रीन तशाच राहिल्या. आणि स्क्रीनवर हल्ला एकदम शून्य! मुंबईच्या सर्व्हरला आमच्या गल्लीतल्या लाईटीशी काही देणंघेणं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. रियाज म्हणाला, "दमला बिचारा!"

लाईट आली. पंखा फिरायला लागला. थोड्या वेळात हल्लाही आला.

खांबावर पुन्हा काहीतरी खटकलं. लाईट गेली. हल्ला गेला.

लाईट आली. हल्ला आला. पुन्हा लाईट गेली, पुन्हा शून्य. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सोपान हळूच म्हणाला, "सर, ह्यो आपल्याच डीपीवर हाय."

डीपी म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर सगळी मिळून आमची एक गल्ली. रियाजनं खिडकी उघडली. समोर वाळत घातलेल्या चादरी, गॅलरीत पेपर वाचणारे आजोबा, एका गच्चीवर सांडगे. आम्ही चौघं त्या घरांकडं बघत उभे राहिलो. कुणीच हल्लेखोरासारखं दिसत नव्हतं.

सर उठले. "सोपान, चहा सांग. स्पेशल. आणि खारी आण." आणि तसेच अनवाणी खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. वायरमन शिडीवर, हातात पक्कड.

"दादा, उतरा. चहा घ्या."

"एवढी जोडनी करतो साहेब, मंग घेतो. लोक बोंबलत्यात."

"बोंबलू द्या हो. चहा गार होईल."

सरांनी त्याला हाताला धरून वर आणलं आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. चहा आला, खारी आली. मग भेळ आली. मग सरांनी त्याच्या गावाची चौकशी केली, मुलांची केली, सासुरवाडीची केली. तो उठायला लागला की सोपान आणखी एक कप पुढं करायचा. वायरमन गडबडून गेला. "साहेब, लाईट लवकर आना म्हनून लई लोकांनी चहा पाजला आजवर. निवांत करा म्हननारे तुमी पयलेच!"

"रविवार आहे," सर म्हणाले. "तुम्हीही माणूसच आहात."

समोरच्या कुठल्या तरी मजल्यावरून आवाज आला, "ओ वायरमन! अजून किती वेळ?"

रियाजनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मोठा फॉल्ट हाय!"

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. रेषा सपाट. स्ट्रायकर लोण्यासारखा सरकत होता. बाईंनी राणी घेतली, कव्हर केली, आणि बार्शीच्या पठ्ठ्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. फायनल संपली. सोपाननं डोळे पुसले, आणि मी माझे.

फोन वाजला. या वेळी सरांनी उचलला. दातार साहेबांचा आवाज भरून आलेला.

"बोरुडे, मानलं! काम तुमच्याकडेच राहतंय. अहो, केवढा अटॅक होता! आमचे लोक म्हणत होते, इंटरनॅशनल आहे. थांबवलात कसा?"

सरांनी समोर पाहिलं. वायरमन शेवटची खारी चहात बुडवत होता.

"लोकल लेव्हलला मिटवलं, साहेब."