अकरावा नकाशा

वाडीच्या सार्वजनिक वाचनालयात काचेचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली अध्यक्ष हैबतरावांच्या गळ्यात, सोन्याच्या गोफाला अडकवलेली असायची. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते कपाट उघडायचं. पुस्तकांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, एक नारळ, की परत कुलूप. सरस्वतीची पूजा झाली, आता तिनं वर्षभर तोंड मिटून बसावं, असा त्या वाडीचा शिरस्ता. सारजाबाईला त्या पूजेचा दरवर्षी संताप यायचा. कपाटातलं एकूण एक पुस्तक तिच्या नवऱ्यानं हुडकून आणलेलं होतं.

तिचा नवरा गेणबा वाचनालयाचा ग्रंथपाल. महिन्यातले दोन रविवार तो पुण्याच्या जुन्या बाजारात, रद्दीच्या ढिगाऱ्यात घालवायचा. त्याला हवे असत जुने सरकारी अहवाल. गुरांचे रोग, बांबूची लागवड, विषारी साप, गावोगावचं पाऊसमान, शिरगणती. जे कुणी फुकट नेणार नाही ते हा पिशवीत कोंबून एसटीनं घेऊन यायचा. लोक हसायचे. पण कुणाची गाय फुगली की हसणाऱ्यांचेच पाय वाचनालयाकडं वळायचे. घरी आल्यावर गेणबा प्रत्येक पुस्तक मोजायचा. पानं किती, चित्रं किती, नकाशे किती, सगळं दाखल रजिस्टरात. शिक्का पहिल्या पानावर मारायचाच, शिवाय प्रत्येक नकाशाच्या पाठीवरही. "चोर म्होरलं पान फाडतो, पाठ कोण बघतंय," म्हणायचा. २००१ साली तो गेला आणि त्याच्या जागी सातवी शिकलेली सारजाबाई लागली. त्याच आठवड्यात हैबतरावांनी किल्ली स्वतःकडं घेतली. ग्रंथ मौल्यवान आहेत म्हणे.

२००५ साली नदीकाठी बंगल्यांची एक स्कीम आली. हैबतरावांनी तिला जमिनी गोळा करून दिल्या आणि पावसाच्या आधी स्कीमवाल्यांनी आठ फुटी भिंत घातली. भिंतीपलीकडं सारजाबाईचं भाताचं खाचर होतं. तिथं जायची एकुलती एक पायवाट भिंतीनं आत घेतली. त्या साली तिची लावणी झाली नाही. खाचर पडीक ठेवा नाहीतर आम्हाला विका, असा तो कावा होता. पौडला तहसीलदारांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. वाट जुनी असल्याचा कागद आणा, म्हणाले, आणि दिवाळीनंतरची तारीख दिली.

कागद कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. गावोगावच्या वाटा आणि पाणवठे यांचा तांबड्या बांधणीचा जाडजूड सरकारी अहवाल, त्यात वाडीचा घडीचा नकाशा, आणि नकाशावर तुटक रेघेनं काढलेली तीच पायवाट. गेणबानं एकदा तिचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं होतं. चूक तिची एवढीच, की कशासाठी हवाय ते सांगून तिनं किल्ली मागितली. मग चार महिने कधी किल्ली सापडेना, कधी अध्यक्ष सापडेनात.

दसऱ्याला मात्र कपाट उघडावंच लागलं. हैबतरावांनी कुंकवात बोट बुडवलं तेवढ्यात सारजाबाईनं तांबडं पुस्तक ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर उघडलं. नकाशाच्या जागी दोन बोटं रुंदीची, सरळ कापलेली पट्टी उरली होती.

"वाळवी लागली आसंल," हैबतराव म्हणाले. "जुनी पुस्तकं हायेत."

"वाळवी काय पट्टी लावून खाती व्हय?"

पंधरा-वीस माणसं होती. निम्म्यांनी जमिनी विकलेल्या, उरलेल्यांची पोरं स्कीमवर कामाला. सगळ्यांनी ती कापलेली कड बघितली, प्रसाद घेतला, आणि एकमेकांच्या हातावर आपट्याची पानं ठेवून, सोन्यासारखं राहा म्हणत सगळी घरी गेली. सारजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि गाव कुंपणाच्या पाया पडत होतं. तिनं पुस्तक परत कपाटात जाऊ दिलं नाही, रजिस्टर काढलं. त्या पुस्तकापुढं नकाशे अकरा, असं गेणबाच्या अक्षरात होतं. तिनं दोनदा मोजले. दहा भरले.

घरी तिची सून रेश्मा, स्कीमच्या ऑफिसात झाडलोट करणारी, हे ऐकून चुलीपुढून उठली. "आत्या, तसला पिवळा नकाशा आमच्या सायबाच्या हापिसात काचंत लावलाय. गिऱ्हाईक आलं की दावत्यात, बगा किती जुनं गाव हाय."

मस्ती म्हणतात ती ही. चोर निदान चोरीचा माल लपवतो. हैबतरावांनी साहेबापुढं मिरवायला तो कागद नेऊन दिला, साहेबाला तो शोभेचा वाटला, आणि वाट बुजवायला कापलेला नकाशा त्याच वाटेवरच्या ऑफिसात खिळ्याला टांगला गेला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आणि रजिस्टर पिशवीत घालून सारजाबाई तिथं गेली. हैबतराव सोफ्यावर चहा पीत बसले होते. ती कुणाशी बोलली नाही. सरळ भिंतीशी गेली आणि फ्रेम खाली उतरवली.

"अहो बाई, हात नका लावू," साहेब उठला. "ओरिजिनल आहे तो. खरा सरकारी नकाशा आहे, शंभर वर्षांपूर्वीचा."

"खरा हाय न्हवं? मग ह्येच पौडला माझ्या तारखंला येऊन सांगा."

तिनं फ्रेम पालथी केली, मागचा पुठ्ठा नखांनी ओरबाडून काढला. नकाशाच्या पाठीवर वाचनालयाचा निळा शिक्का होता आणि खाली गेणबाचं बारीक अक्षर: दाखल क्रमांक चारशे बारा, नकाशा अकरावा. तिनं तांबडं पुस्तक टेबलावर उघडलं आणि उरलेल्या पट्टीला नकाशाची कड लावली. कड कडेला बसली. हैबतरावांच्या बशीतला चहा सोफ्यावर सांडला.

सारजाबाईनं नकाशा पुस्तकात घातला, पुस्तक पिशवीत घातलं आणि अध्यक्षांपुढं उघडा हात धरला.

"किल्ली."

गोफाचा फासा हैबतरावांना लवकर निघेना. तारखेची वाट न बघता नकाशा आजच तहसीलदारांपुढं ठेवायचा होता, पण पौडच्या एसटीला अजून वेळ होता. ती हात तसाच धरून उभी राहिली.