चणे सालासकट

"आधी पाय सरळ कर, मुंबई नंतर घे!" लालबागच्या भर रस्त्यात दवाखान्यातला कंपाउंडर माझ्यावर ओरडत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा द्यायचं काम माझं, आणि माझ्याच पोटरीत नारळाएवढा गोळा आलेला. मी असा बोंबललो, की शिवडीच्या बंदरात बोटी थांबल्या म्हणतात.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खिडकीत रोज दिसायचा, बाटलीला कागदी पट्टी चिकटवताना, एक गाल चण्यांनी फुगलेला. त्या दिवशी माझी टाच छातीशी धरून त्याने पायाची बोटं मागे दाबली आणि विचारलं, "खातोस काय?"

"पांढरा भात. आणि तुमच्याच कॅल्शियमच्या गोळ्या."

"मग मॅग्नेशियम कमी पडतंय."

मी हादरलो. मॅग्नेशियम म्हणजे जुलाबाचं मीठ! मोर्चा एकीकडे जाणार आणि मी भलतीकडे धावणार.

"ते बाटलीतलं रे. जेवणातलं वेगळं. कॅल्शियम, पोटॅशियम हे पाहुणे. मॅग्नेशियम घरची यजमानीण. ती नसेल तर पाहुणे टिकत नाहीत." त्याने मूठभर चणे दिले. मी सवयीने ते तळहातावर चोळून सालं फुंकणार, तोच हातावर चापट बसली. "सालासकट! तांदळाचं मॅग्नेशियम कोंड्याबरोबर गेलं, आता हेही फुंकतोस?"

त्याच्या सांगण्यावरून महिनाभर नाचणीची भाकरी आणि चणे खाल्ले. पुढच्या मोर्चात परळपासून फोर्टापर्यंत घोषणा देत गेलो, पोटरीने हूं की चूं केलं नाही. नाचतच खिडकीशी आलो. "कंपाउंडरसाहेब, आता मुंबई आपलीच!"

पट्टी चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "सालं खाल्लीस ना?"