बाग सगळ्यांसाठी खुली... आमची पोरं सोडून

गेल्या सोमवारी आमच्या निसर्गशाळेचा पहिला दिवस होता, आणि तो आम्ही बागेच्या गेटबाहेर काढला. आठवडा झाला, राग अजून उतरलेला नाही... म्हणून लिहितेय.

मी सुरतच्या डिंडोलीत राहते, शिकवण्या घेते. माझ्याकडची बहुतेक पोरं खानदेशातून आलेल्या घरांतली. वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांना लेस लावणारी. सुट्टी लागली की पोरं दिवसभर खोलीत मोबाईल घेऊन, नाहीतर आईशेजारी बसून टिकल्या चिकटवत... यंदा ठरवलं, पंधरा दिवस रोज सकाळी त्यांना झाडं, पक्षी, किडे दाखवायचे.

वस्तीने हे इतकं उचलून धरलं की मीच थक्क झाले. तीन रिक्षावाल्या बापांनी ने-आण अंगावर घेतली. गल्लीतल्या टेलरने उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, पानं-बिया गोळा करायला. नाश्त्याच्या पाळ्या आयांनी आपापसात लावून घेतल्या.

आमच्याकडे मोठी झाडं नाहीत, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाची एक जुनी सार्वजनिक बाग निवडली. तेरा पोरं, तीन रिक्षा. गेटवर पोहोचलो तर बाकावरून एक गृहस्थ उठून आले. पांढरे बूट, गळ्यात नॅपकिन. सकाळी चालायला येणाऱ्यांचे पुढारी असावेत.

"क्यांथी आव्या?" त्यांनी विचारलं. मी डिंडोली म्हटलं आणि त्यांचा चेहराच बदलला. परवानगीशिवाय ग्रुपला आत सोडत नाहीत म्हणे... आणि ही पोरं फुलं तोडतील, कचरा करतील. त्यांनी वॉचमनला गेट लावायला सांगितलं.

वॉचमन आपलाच, धुळ्याकडचा. खाली बघत म्हणाला, "ताई, हे लोक वर तक्रार करतात... माझी नोकरी जाईल हो."

दहा मिनिटांपूर्वीच एकसारखे टी-शर्ट घातलेली वीसेक मुलं शिट्टीच्या तालावर आत गेली होती. त्यांच्याकडे परवानगी होती का, असं मी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "ए तो सारा घरनां छे."

ती चांगल्या घरची. म्हणजे आमची कुठली?

आमची पोरं गुजराती शाळेत शिकतात. त्यांना शब्द न् शब्द कळला. नऊ वर्षांची दिव्या मला विचारते, "मॅडम, आपण तर अजून आत गेलोच नाही... मग फुलं कधी तोडली?"

मी भांडले. पण रागात माझं गुजराती पार कोलमडतं, आणि समोरचा माणूस शांतपणे हसत होता. शेवटी पोरांनी फुटपाथवर बसून पोहे खाल्ले आणि आम्ही परत आलो.

संध्याकाळी मी घरोघरी सांगत निघाले की परवानगी मिळेपर्यंत शाळा बंद. दिव्याच्या घरी तिची आई रेखाताई लेस लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाग काय त्याना बापनी शे का?"

मग सुई थांबवून म्हणाली, "परवानगी ग्रुपला लागते ना, ताई? आईला थोडीच लागते."

रात्रीच तिने दारोदार निरोप फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा पाच झाल्या. हातातलं काम टाकून तेरा आया आल्या होत्या, प्रत्येकीने आपल्याच पोराचा हात धरलेला. गृहस्थ पुन्हा उठून आले. रेखाताई सगळ्यात पुढे.

"काका, ग्रुप-ब्रुप कंई नथी. हुं मारी छोकरीने फरवा लावी छुं." आई आपल्या मुलीला फिरवायला घेऊन आलीय, बस.

त्यांनी काही बोलायच्या आत तिने दिव्याला गेटवरच्या पाटीसमोर उभं केलं. रेखाताईला वाचता येत नाही. दिव्याने मोठ्याने वाचलं... सकाळी सहा ते दहा, जाहेर जनता माटे खुल्लो. "फरीथी वांच," रेखाताई म्हणाली. दिव्याने पुन्हा वाचलं. आधीपेक्षा मोठ्याने.

गृहस्थांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा या बायकांकडे... आणि गेटची दोन्ही दारं उघडली. एक नाही, दोन्ही.

आत वडाच्या शेंड्यावर धनेशाची जोडी बसली होती. पोरं माना मोडेस्तोवर वर बघत उभी. आणि मी? मी त्यांच्या हातांवर लक्ष ठेवत होते, कुणी फूल तर तोडत नाही ना... त्या माणसाचं बोलणं माझ्याही डोक्यात शिरलं होतं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

निघायच्या आधी रेखाताई बाकावर टेकली. म्हणाली, "अकरा वर्षं झाली सुरतला येऊन. बागेत आज पहिल्यांदा बसले."

पोरांची नावं लिहायला मी या प्रत्येकीच्या दारात उभी राहिले होते. "तुम्ही येता का?" असं एकीलाही विचारलं नव्हतं.

न बोलावता त्या आल्या. त्या आल्या, म्हणून आम्ही आत गेलो.