परताव्यावरचा कर

अबू धाबीत राहायला आलो, तेव्हा वाटलं, कर या शब्दाशी आपला संबंध आता खलास. पण नवरा अमेरिकन नागरिक. तो कुठेही राहिला तरी तिकडच्या सरकारला दरवर्षी हिशेब द्यावाच लागतो. आधी आम्ही राहायचो त्या न्यू जर्सीच्या राज्य सरकारने आमचा जास्तीचा कर परत पाठवला, तेव्हा मी लगेच साताऱ्याला फोन करून आईला सांगितलं, या पैशांतून तुझं तिकीट काढते. ती अजून कधीच विमानात बसली नव्हती.

फेब्रुवारीत नवऱ्याच्या हिशेबनिसाने कळवलं की हा परतावा उत्पन्नात धरायचा, त्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर लागेल. माझं डोकंच फिरलं. आपलेच पैसे परत आले, ते उत्पन्न कसलं? नवरा सांगत राहिला, की तो कर भरला त्या वर्षी आपण सरकारने ठरवून दिलेली सरसकट वजावट न घेता घरकर्जाचं व्याज, देणग्या, राज्याचा कर असा एकेक खर्च दाखवला होता. त्यातला थोडा कर परत आला, म्हणजे तेवढी वजावट जास्त झाली. सरसकट घेतली असती तर? मग यावर कर नसता, म्हणाला. मी आणखीच चिडले.

शेवटी लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मा, ऑफिस पेड युअर टॅक्सी. देन द टॅक्सी गेव्ह यू सम बॅक. इट्स नॉट फ्री मनी."

हे पटलं, पण पाचच मिनिटं. आईला समजावताना पुन्हा सगळा गोंधळ. त्यातलं थोडं सरकारला द्यायचंय, असं मी बोलून बसले आणि तिने तिकीट रद्द करायला सांगितलं. सरकारच्या पैशावर ती येणार नव्हती.

कर थोडाच निघाला. सरसकट वजावटीपेक्षा आम्ही जेवढं जास्त दाखवलं होतं, तेवढाच परतावा उत्पन्नात धरला गेला. हे मी तिला तीनदा सांगितलं. दर वेळी वेगळं. शेवटी भावाने तिला बळेच विमानात बसवलं.

विमानतळावर जवळ घेण्याआधीच तिने पेन्शनच्या नोटांची रुमालातली गाठ माझ्या हातात कोंबली.

"हे सरकारला दे."

कर भरून झाला गं, मी म्हणाले. मला रडूच कोसळलं.

"मग तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "आता तुझ्या घरी जेवायला मी मोकळी."