तात्यांचं बंड आणि आबासाहेबांचा अबोला

पुढाऱ्याच्या घरी टायपिस्ट म्हणून दहा वर्षं काढली की माणसाजवळ दुसरं काही उरो ना उरो, किस्से मात्र ढीगभर साठतात! आता ग्वाल्हेरच्या सराफ्यात कुणी भेटलं की आधी चहा मागवतो आणि मग म्हणतो, "नाना, वो तात्या वाला सुनाओ." कोणता सुनाऊ बाबा? तात्यांनी आधी दरबाराविरुद्ध बंड केलं, मग पक्षाविरुद्ध, मग स्वतः काढलेल्या पक्षाविरुद्धसुद्धा! एकाच वर्षात तीन लेटरहेडं छापून घेतलेला पुढारी मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण तात्यांचं खरं भांडण घरातच होतं, वडिलांशी.

आबासाहेब म्हणजे तात्यांचे वडील. चाळीस वर्षं दरबारच्या दफ्तरात खलिते लिहिण्यात गेली. शब्द असा मोजून-मापून टाकायचे की वाचणाऱ्याला वाटावं, याला एवढं नेमकं बोलता येतं तर हा इतका कमी का बोलतो?

आणि एक दिवस मुलाशी बोलणंच बंद केलं.

त्याचं असं झालं. जबाबदार राज्यपद्धतीची चळवळ जोरात होती. महाराज बाड्यावर, म्हणजे शहरातल्या भर चौकात सभा. तात्या रंगात आले आणि हात उंचावून गरजले, "दरबारात मान वाकवून वाकवून काही लोकांच्या माना आता तशाच राहिल्यात!" टाळ्यांचा कडकडाट! आणि त्या गर्दीच्या कडेला, दफ्तरातून घरी निघालेले आबासाहेब छत्री टेकून उभे.

दुसऱ्या दिवशी जेवायला आम्ही तिघं ओळीनं बसलो. मी त्यांच्याच घरात खालच्या खोलीत राहायचो, जेवणही तिथंच. माझा पाट मधला. आबासाहेब शांतपणे म्हणाले, "नाना, त्यांना सांगा, आमची मान तशीच राहिली आहे. त्यामुळे ताटातलं बरं दिसतं. कोशिंबिरीत मीठ नाही."

त्या दिवसापासून बापलेकांमधला मी पोस्टमन झालो.

*

चळवळीतच तात्यांना अटक करायला ठाणेदार आला. नेमका जेवणाच्या वेळी. दारात आबासाहेब. ठाणेदाराचा बाप दरबारातलाच, त्यामुळे आबांना बघून त्यानं आधी वाकून रामराम केला. मग वॉरंट खिशातून काढायचं की नाही, इथं गाडी अडली.

आबा म्हणाले, "खाना खाया?"

"जी नहीं, पर मैं तो..."

"बैठो."

बसला बिचारा! काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, श्रीखंड-पुरीचा आग्रह असा केला की ठाणेदारसाहेब पट्टा सैल करून ओसरीवर कलंडले ते घोरायलाच लागले. वॉरंट खिशात, टोपी पोटावर!

आम्ही म्हटलं, तात्या, मागच्या दारानं सटका. छे! तात्या त्याला गदागदा हलवताहेत, "उठिए भाईसाहब! अरेस्ट कीजिए! चौक में लोग कबसे हार लेकर खड़े हैं, मुरझा जाएँगे!"

*

मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य झालं, आणि तात्या ज्या पक्षाकडून तुरुंगात गेले होते त्यानंच तिकीट एका माजी जहागीरदाराला दिलं. झालं! दुसरं बंड! अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली शिडी.

बिर्लानगरच्या मिल-कामगारांत उत्साह तर असा की खरीखुरी बारा फुटी शिडी खांद्यावर घेऊन मिरवणूक. सभेला स्टेज नव्हतं, म्हणून तात्या त्याच शिडीवरून एका कोठीच्या छपरावर चढले आणि तिथून भाषण ठोकलं. भाषण संपलं. "शिडी निशान, जिंदाबाद!" म्हणत कार्यकर्त्यांनी शिडी उचलली आणि वाजत-गाजत पुढच्या सभेला निघून गेले!

तात्या छपरावरच.

खाली मी एकटा. वरून हाका मारताहेत, "नाना, अरे काही तरी कर!" एक म्हातारा कामगार विडी ओढत बसला होता. वर बघून म्हणाला, "चुनाव चिन्ह आगे निकल गया, उम्मीदवार पीछे रह गया. अब तो ये जीतेगा ही, किसी काम का नहीं रहा."

आणि जिंकले की हो!

मतदानाच्या आदल्या दिवशी जेवताना तात्यांनी मला हळूच विचारलं होतं, "आबांना विचार ना, उद्या मत कुणाला." मी तोंड वळवायच्या आत डावीकडून उत्तर आलं, "त्यांना सांगा, मतदान गुप्त असतं. कायदा त्यांच्याच लोकांनी आणलाय." तात्या हसले, पण नंतर ताटात बराच वेळ नुसता भात कालवत बसले. मला फार वाईट वाटलं. सगळ्या ग्वाल्हेरनं मतं दिली असती तरी त्यांना पाहिजे होतं ते एकच होतं.

*

विधानसभा मोतीमहालात भरायची. मिल-कामगारांच्या प्रश्नावर तात्यांनी पहिला सभात्याग जाहीर केला. मी वर गॅलरीत. "या अन्यायी सरकारचा निषेध म्हणून मी सभागृह सोडून जात आहे!" आवाज काय, आवेश काय!

आता दरबारचा रिवाज असा, की निघताना महाराजांना पाठ दाखवायची नाही. वाकून मुजरा करायचा आणि तोंड समोर ठेवून उलट्या पावली दारापर्यंत मागं सरकायचं. दरबारी घरातल्या मुलांना हे चालायला शिकवतात तसंच शिकवलेलं. त्यात ते महालाचं दालन, ती झुंबरं, समोर उंच खुर्चीवर अध्यक्ष. तात्यांच्या पायांनी तात्यांना विचारलंच नाही! क्रांतिकारक तात्या अध्यक्षांना लवून, एकेक पाऊल मागं सरकत, सरकारचा धिक्कार करत बाहेर पडले! दारातल्या चपराशाला धडकले तेव्हा कळलं.

सत्ताधारी बाकांवरून कुणी तरी म्हणालं, "ऐसा विरोध रोज हुआ करे!"

घरी बातमी आधीच पोचलेली.  आबासाहेबांनी त्या दिवशी पोळी एक जास्त खाल्ली.

*

पक्षानं पुढं तात्यांना परत आत घेतलं, आणि राजीनाम्यांचा सीझन सुरू झाला. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. अख्खं सरकार फायलींसकट रेल्वेत बसायचं! तात्यांनी एकदा रागारागात राजीनामा दिला तो नेमका त्या हलवाहलवीत. कागद इंदूरला पोचेपर्यंत इकडं समझोता झाला. मग मला तार करायला लावली, "राजीनामा रद्द." तार पोचेपर्यंत समझोता मोडला. दुसरी तार, "रद्द केलेला राजीनामा कायम."

इंदूरहून पक्षाध्यक्षांचं उत्तर आलं, "आप पहले घर में तय कर लीजिए."

*

आता शेवटचा.

राज्यांची पुनर्रचना आली. मध्य भारत जाणार, मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला. ग्वाल्हेरच्या तोंडाला पानं पुसली! लष्कर या आमच्या भागात हरताळ, चौकाचौकांत सभा, आणि सगळे तात्यांच्या तोंडाकडं बघताहेत. त्याच आठवड्यात वरून निरोप आला, की गप्प बसाल तर नव्या सरकारात उपमंत्री. बोलाल तर पुढचं तिकीटही विसरा.

तात्या दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत. वयाची पन्नाशी, पायाला संधिवात. पुन्हा रस्त्यावर उतरायचं म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. काकू मला म्हणाल्या, "नाना, या वेळी त्यांनी हो म्हटलं तरी मी काही बोलायची नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी कागद आणून माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला. राजीनामा होता. पण असा राजीनामा मी त्यांच्या हातचा कधी पाहिला नव्हता! ग्वाल्हेरचा उल्लेखच नाही. 'प्रकृति ठीक न होने के कारण', 'सविनय प्रार्थना', 'क्षमा करें', आणि खाली 'आपका आज्ञाकारी, श्रीधर'. म्हणजे निघायचंही, आणि दार उघडंही ठेवायचं. तात्या खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी टाइप केला.

आबासाहेब शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी हात पुढं केला. नऊ वर्षांत मुलाच्या एकाही कागदाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. मी घाबरत घाबरत दिला.

चष्मा पुसून दोनदा वाचला. मग माझं पेन मागून घेतलं आणि प्रकृतीवर एक रेघ ओढली. प्रार्थनेवर एक. क्षमेवर एक. 'आज्ञाकारी'पाशी थोडे थांबले. जन्मभर प्रत्येक खलित्याखाली स्वतः तेच लिहीत आलेले! मग त्याच्यावरही ओढली, चांगली जाड. कागदावर उरली 'इस्तीफ़ा देता हूँ' एवढी एक ओळ, तारीख आणि नाव.

"श्रीधर," आबासाहेब म्हणाले, "राजीनामा देतोयस की रजेचा अर्ज?"

आत काकूंच्या हातातलं भांडं पडलं. तात्या गर्रकन वळले. आणि सवयीनं माझ्याकडं बघायला लागले, मी निरोप कधी सांगतो म्हणून.

मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघताय तात्या? तुम्हाला विचारलंय!"