कापगते बाईंचा शार्क

कुणाकडे मासोळीचा बेत असला की कापगते बाई आधी डोकं मागून घेत. चवीसाठी नव्हे. रोहूच्या घशात खोल दात असतात. जेवता जेवता ते काढून, पुसून बाई रुमालात बांधत. वाढणारी बघतच राही. "आजचे दात माहीत नसले तर जुने कसे ओळखाल?" बाई विचारत, जणू चूक तिचीच.

आमच्या मुर्री गावात त्या माझ्या शेजारी. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नाद एकच: दगड झालेले, फार पुरातन मासे आणि शार्क यांचे दात. आमच्याकडे तळी रगड, समुद्र कुठला! म्हणून भाचा कच्छहून जुन्या समुद्रतळाच्या मातीचं पोतं पाठवी आणि बाई अंगणात बसून ते चाळत. बारीक दात पुष्कळ मिळाले. शार्कचे मात्र सगळे तुटके. "एक अख्खा माझ्या हाताला लागू दे," म्हणायच्या, "मग बाकीचे वाटून टाकीन." यंदा लेक त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आली, तेव्हा शेवटचं पोतं अर्धं उरलं होतं. तिच्या तिसऱ्या मजल्यावर माती चालणार नव्हती.

बाईंनी मला हाक मारली. राईस मिलमध्ये तांदळाचे नमुने तपासण्यात माझी उमर गेली. "तुमच्यावाणी नजर कोणाची आहे, भाऊ? बसा." एक सूप त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. धुऊन वाळवलेली माती फिकी, रवाळ, थेट कणीसारखी. माझा हात आपोआप चालू लागला.

बऱ्याच वेळाने बाईंनी मान वर केली. "काऊन जी, कोंबड्या तुमच्याच मागं कायले जमून राहिल्या?"

मी वळून पाहिलं. मी खडे निवडत होतो. काळं दिसलं की चिमटीत, चिमटीतून मागे. दात फेकत होतो, माती राखत होतो.

मी गप्प बसणारा माणूस. मिलमध्ये माझ्या चुकीची बोलणी एकदा एका हमालाने खाल्ली, मी तोंड उघडलं नाही. ते अजून टोचतं. इथेही "कोणी दाणे टाकले असतील" म्हणून सुटलो असतो. पण म्हणालो, "बाई, दात मीच फेकून राहिलो. सवय."

बाईंनी सूप खाली ठेवलं आणि इतक्या हसल्या की चष्मा मातीत पडला. "जन्मभर मी शोधून राहिली, अन् तुम्ही चारा घालता!"

मग जे झालं ते आमच्या वयाला शोभणारं नव्हतं. लेक दारात आली तर तिची आई पदर खोचून तांबड्या कोंबडीमागे, आणि मी टोपलं घेऊन आडवा. कोंबडीच्या चोचीत काहीतरी त्रिकोणी होतं. गिळवेना आणि सोडवेना.

"आई, गाडीची वेळ झाली."

"थांब, शार्क पळून राहिला."

टोपलं मी टाकलं, खाली हात बाईंनी घातला. काळा, चकाकता दात. त्यांनी कडेवरून नख फिरवलं. "करवतीवाणी लागते, पाहा." दाताच्या मुळाच्या दोन्ही फांद्या तपासल्या. शाबूत. "अख्खा आहे," एवढंच म्हणाल्या, आणि डोळे पुसायला गेल्या तर हात मातीचे.

"पण बाई, सापडला तर कोंबडीले."

"तोंड तिचं असंल. हात माझा होता."

ऑटोत बसताना त्यांनी मुठीतला दात ऑटोवाल्याला दाखवला. "मुर्गी के मुँह से निकाला."

"मुर्गी के दाँत होते हैं क्या, माँजी?"

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी पुढे होऊन, गाडीची वेळ विसरून, त्याला पहिल्यापासून सांगायला बसलो: "नहीं भाई, फेका मैंने था."