निळा पडलेला लसूण

त्या वर्षी आंब्याला मोहर आला, पण कोरड्या वाऱ्यानं तो आठवडाभरात झाडाखाली पडला. कैरी धरलीच नाही. आमची बायकांची लोणच्याची सहकारी सोसायटी होती. गेवराईकडच्या आमच्या गावात पत्र्याच्या एका शेडमध्ये आम्ही बसायचो. कैरी नाही म्हणजे हाताला काम नाही. मी सोसायटीची सचिव होते आणि माझी मोठी जाऊ अध्यक्ष. तिला मी आक्का म्हणायचे. आम्ही दोघी रोज सकाळी शेड उघडायचो, झाडून घ्यायचो आणि रिकाम्या बरण्यांसमोर बसून राहायचो.

माझे मालक बैल घेऊन चारा छावणीवर राहायला गेले होते. मी भाकरी पोचवायला गेले की तेवढी आमची भेट व्हायची. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. त्याची वाट बघत बाया रस्त्यावर घागरी मांडून उन्हात बसायच्या. लोणच्याच्या बरण्या धुवायला त्यातलं पाणी मागायची आमची छाती नव्हती, आणि मागितलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. ते बरोबरच होतं.

माझ्याकडे फक्त लसूण होता. नाल्याकाठच्या वाफ्यांत लावलेला. संक्रांतीच्या आतच विहीर आटली आणि गड्डे सुपारीएवढे राहिले. बीडच्या मोंढ्यात नेला, तर व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठभर वर काढला आणि परत सोडून दिला. म्हणाला, बाई, हा घरीच फोडणीला वापरा. पोतं परत एसटीच्या टपावर चढवलं. घरी आल्यावर ते ओसरीला टेकवून ठेवलं आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं.

सोसायटीत एक सभासद होत्या, त्यांना सगळ्या खाला म्हणायच्या. त्यांच्या नवऱ्याचं फाट्यावर जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. आम्ही त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचो. विहिरींनाच पाणी नव्हतं, तर मोटारी कुठल्या जळणार? तेही दुकानात बसून असायचे. खालांचं माहेर हैदराबादेचं, आणि त्यांच्या आईची आई इराणातून आलेल्या घराण्यातली. आम्हाला ही गोष्ट कधी खरीही वाटली नव्हती आणि खोटीही. खाला एकदा माझ्या ओसरीवर आल्या, पोत्यातला एक गड्डा घेऊन त्यांनी नाकाशी धरला आणि विचारलं की हा असा काहून टाकून दिला? मी मोंढ्यातली हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, आमच्या नानीला असाच बारीक गड्डा लागायचा. मोठा लसूण सिरक्यात आतपर्यंत मुरत नाही.

मग त्यांनी मला सीर तोर्शीबद्दल सांगितलं. सीर म्हणजे लसूण आणि तोर्शी म्हणजे आंबट घातलेलं. अख्खे गड्डे मिठाच्या सिरक्यात, म्हणजे रस आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये, बुडवून वर्षानुवर्षं ठेवायचे. पांढरा लसूण आधी पिवळसर होतो, मग तांबूस, आणि जुना झाला की चिंचेसारखा काळा. नानीच्या घरी मुलगी जन्मली की बरणी भरायचे आणि तिच्या लग्नात उघडायचे, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, खाला, सगळं खरं, पण धुवायला पाणी कुठून आणायचं?

“पानी का हात भी नको लगाव, बेटी,” त्या म्हणाल्या. “पानी लगा तो सडता.”

हे ऐकून मी आक्काकडे धावत गेले. पाण्याशिवाय होणारं लोणचं! आक्काला पहिल्यांदा विश्वास बसेना, पण नुसतं बसून तिचाही जीव उबगला होता. बीडच्या एका सहकारी भांडारानं नमुना बघून माल ठेवू म्हटल्यावर ती तयार झाली.

सिरका खालांचा होता. आदल्या वर्षी उसाला अजून रस होता तेव्हा त्यांनी मडक्यांत रस भरून, तोंडाला फडकं बांधून घराच्या माळवदावर ठेवलेला. आता तालुक्यात ऊस उरला नव्हता. जो होता तो वाळून छावणीत बैलांपुढे पडत होता. खालांनी घरातली सगळी मडकी खाली काढली. थोडा तरी घरी ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही.

आम्ही बायांनी लसणाची वरची साल काढली, आतली एक पातळ साल राहू दिली. मुळं आणि दांडे कापले. गड्डे सावलीत पसरून सुकवले. बरण्या कोरड्या फडक्यानं पुसून दिवसभर कडक उन्हात तापवल्या. उन्हाची काही कमी नव्हती. सिरका मीठ आणि थोडा मध घालून उकळला, पुरता थंड केला आणि गड्ड्यांवर ओतला. खालांच्या नानीकडे त्यात कसली तरी लाल आंबट फळं वाळवून घालायचे. ती इकडे कुठून मिळणार? खालांनी बांधावरची वाळकी बोरं घातली. बोरीला दुष्काळ कळत नाही. शेडमध्ये इतक्या दिवसांनी हातांची घाई आणि बायांचा आवाज होता. शेवटी शेडची फळी भरली, एक बरणी उरली. ती खालांनी माझ्याकडे दिली आणि घरात अंधाराला ठेव म्हणाल्या. मी ती कणगीमागे ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खाला चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मिस्त्रीचाचांनी जीप करून त्यांना अंबाजोगाईला नेलं. दुकानाला कुलूप लागलं.

इकडे भांडाराकडून निरोप आला की नमुना पाठवा. आक्कानं शेडमधली एक बरणी उघडली. मी शेजारीच उभी होते. आतला लसूण निळा पडला होता. नुसती झाक नव्हती, मोरचूद कालवावा तसा निळा-हिरवा. काही गड्डे अर्धे, काही पूर्ण. आक्कानं दुसरी बरणी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं की हे विष झालं.

आक्काच्या भिण्याला कारण होतं. महिन्यापूर्वीच टँकरच्या पाण्यानं तिच्या नातीला जुलाब लागले होते आणि ती पोर हाताशी लागेल की नाही, असे दोन दिवस तिनं काढले होते. ती बरणीला झाकण लावून म्हणाली की हे कुणाच्या पोटात गेलं तर आपण कुठं तोंड दाखवायचं? मी म्हटलं, मी अंबाजोगाईला जाऊन खालांना विचारून येते, तोपर्यंत कशाला हात लावू नका. ती काही बोलली नाही. मी ते हो समजले.

एका डब्यात दोन निळे गड्डे घेऊन मी निघाले. बीडला गाडी बदलली. दोन्ही बाजूंनी रानं भाजल्यासारखी काळी पडली होती. मला सारखं वाटत होतं की खाला बोलल्या नाहीत तर मी कुणाला विचारणार? या गोष्टीतलं कळणारं माणूस आमच्या मुलखात त्यांच्याशिवाय नव्हतं.

दवाखान्यात खालांच्या खाटेशी मिस्त्रीचाचा जमिनीवर बसले होते. खालांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. मला बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द येईना, नुसता घशातून आवाज. मी त्यांचा चांगला हात हातात धरून बसले. आजारी माणसापुढे लसूण काढायची मला लाज वाटत होती. बराच वेळ गेल्यावर मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, “खाला, सगळा असा झालाय. बाया म्हणतात विष हाय.”

त्यांनी डब्यात बघितलं. मग डावा हात घालून एक गड्डा उचलला, माझ्या हाताशी आणून दाबला. मी एक पाकळी सोलून दिली. चाचा म्हणाले की डॉक्टरांनी नरमच द्यायला सांगितलंय. पण तोवर खालांनी ती निळी पाकळी ओठांत धरली होती. चघळली. आंबट लाळ ओढलेल्या ओठातून हनुवटीवर आली, ती चाचांनी पुसली. खालांनी चोथा बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती, उलट माझ्यावरच जराशी चिडल्यासारख्या दिसल्या. मग त्यांनी डब्याचं झाकण मागितलं. ते एका हातानं लागेना. डबा छातीशी धरून, हनुवटीनं दाबून त्यांनी ते बसवलं आणि डबा माझ्याकडे ढकलला.

बंद करून ठेव. अजून वेळ आहे. त्या एवढंच सांगत होत्या आणि मला ते बोलल्यासारखं कळलं.

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. भांडाराला थांबायला सांगायचं, बायांना समजवायचं, पुढच्या साली सगळ्या वाफ्यांत लसूणच लावायचा, असं बरंच काही मी ठरवलं.

फाट्यावर उतरून गावात वळले तेव्हा सिरक्याचा वास आला. एवढा की डोळे चुरचुरले. शेडमागं खड्डा खणला होता. त्यात लसणाचा ढीग, अजून निळा. शेळ्या येऊन हुंगून मागं सरत होत्या. सिरका भेगाळलेल्या जमिनीनं कधीच पिऊन टाकला होता. बरण्या भिंतीशी उपड्या घातलेल्या.

आक्का शेडच्या दारात बसली होती. मी तिला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“मला वाटलं, तू असतीस तर वतू दिलं नसतंस,” ती म्हणाली. “म्हणून तू यायच्या आत वतलं.”

मला तिच्यावर ओरडता आलं नाही. मी खड्ड्याच्या कडेला बसले आणि हात आत घातला. गड्ड्यांना माती लागली होती. धुवावं तर पाणी नव्हतं, आणि पाण्यानं धुतलेला लसूण ठेवून उपयोगही नव्हता. सिरका तर कुठूनच परत येणार नव्हता. मी बसून राहिले. एकेक बाई आली, बघून गेली. आक्का आत जाऊन बरण्या रचत होती, तो आवाज तेवढा येत होता. शेवटी मीच उठून खड्ड्यावर माती लोटली.

भांडाराला काय कळवायचं ते मला सुचेना, म्हणून काहीच कळवलं नाही. सोसायटीची बैठक त्यानंतर झाली नाही. शेडमध्ये छावणीचा कडबा भरला. पावसाळा आला आणि कोरडाच गेला. छावणी बंद झाली तेव्हा मालकांनी बैल विकले, घरी येऊन तोंडावर पांघरूण घेऊन पडले. खाला घरी आल्या होत्या पण खाटेवरच. मी जायचे, त्यांचे केस विंचरायचे. खड्ड्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. त्यांनी डाव्या हातानं बरणीची खूण केली की मी मान हलवायचे.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गेलो. गावच्या आणखी घरांबरोबर आक्का आणि भाऊजीही आमच्याच टोळीत होते. सोसायटीची अध्यक्ष आणि सचिव एका ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून पश्चिमेकडे निघालो. कणगीमागची बरणी मी गोधडीत गुंडाळून बरोबर घेतली. मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार?

तिकडं नदीकाठी हिरवागार ऊस होता. ते पाणी बघून पहिले काही दिवस राग यायचा. पहाटे फडात शिरायचं, मालकांनी ऊस तोडायचा, मी मोळ्या बांधायच्या, डोक्यावर नेऊन गाडी भरायची. आक्काची मान धरली होती, तरी ती मोळी खाली ठेवत नव्हती. आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायचो.

एक दिवस फडातच मालकांच्या फोनवर मिस्त्रीचाचांचा फोन आला. खाला गेल्या. दुपारी मातीही झाली होती. मी मुकादमाला विचारलं की दोन दिवस जाऊन येऊ का? तो म्हणाला, आता जाऊन कुणाचं तोंड बघणार, बाई? आणि तुझ्या मोळ्या कोण बांधील? ते खोटं नव्हतं. मी पाचटावर बसून रडले आणि परत उठले, कारण गाडी उभी होती.

दिवस मावळताना कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीवर, आल्यावर मी बरणी काढली. लसूण विटकरी-तांबूस झाला होता. निळ्याचा कुठं मागमूस नव्हता. पाकळी बोटानं दाबली की सालीतून सुटून यायची. आंबट, मागून गोडसर, आणि लसणाचा तिखटपणा पार गेलेला. इतक्या लवकर उघडल्याबद्दल खाला रागावल्या असत्या. मी सगळ्या बायांना भाकरीवर एकेक गड्डा दिला आणि खाला गेल्याचं सांगितलं.

आक्का सगळ्यांच्या मागं बसली होती. तिला दिला तेव्हा तिनं तो बराच वेळ भाकरीवर तसाच ठेवला. मग एक पाकळी खाल्ली. मान खाली घालून सावकाश सगळा गड्डा संपवला. तिच्या भाकरीवर डोळ्यांतलं पाणी पडत होतं, ते तिनं पुसलं नाही.

“आणीक हाय का?” तिनं विचारलं.

मी तिच्यापुढं बरणी धरली. तिनं हात घातला नाही, मीच काढून द्यावं म्हणून थांबली. मी काढून दिला. चूल विझत आली होती. पहाटे दुसरी गाडी भरायची होती, म्हणून आम्ही भांडी तशीच ठेवून आडव्या झालो.